दाढेतील चांदी आणि ‘विषमुक्ती’चा बाजार

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ मोकळेपणाने हसला, की त्याच्या मागच्या दाढेत काळपट राखाडी रंगाचा एक ठसा पुष्कळदा दिसून जातो. ‘दाढेत चांदी भरलीय’ असे तो सांगतो आणि सांगताना त्याच्या स्वरात थोडा अभिमानही असतो. तो अस्थानी नाही. तालुक्याच्या गावी तीस-चाळीस वर्षांपूर्वी दाढ दुखू लागली म्हणजे ती उपटणे हाच सर्वसाधारण उपाय असे. दाढ वाचवून तिच्यात चांदी भरून घेणे ही त्या काळी ऐपतीची आणि शहाणपणाची खूण होती. त्या चांदीवर पुढे तीस-तीस वर्षे शेंगदाणे, उसाची कांडी आणि बाजरीची भाकरी चावली गेली. दाढेने कुरकूर केली नाही.

ही चांदी मात्र निखळ चांदी नव्हती. वजनाने जवळजवळ निम्मा भाग पारा आणि उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील व तांबे यांची भुकटी, असे ते मिश्रण. दंतवैद्यकात त्याला अमाल्गम म्हणतात. ही माहिती नवी नाही, परंतु ती ज्याच्या तोंडात पारा आहे त्याच्यापर्यंत आता पोहोचू लागली आहे, आणि पोहोचते ती बहुधा अर्धवट. ‘दाढेत विष आहे, ते काढून टाका, काढल्यावर शरीरात उरलेले विष धुऊन काढा’ असा उपदेश मुलाच्या मोबाइलवरून वडिलांकडे येतो. थकवा, निद्रानाश, सांधेदुखी, विस्मरण अशा सगळ्या तक्रारींचे खापर त्या एका दाढेवर फुटते. त्यानंतर पुण्याची वारी, दाढांची उखडाउखड आणि अखेरीस ‘डिटॉक्स’ नावाचे महागडे प्रकरण सुरू होते. पारा घातक आहे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दाढेत घट्ट बसलेला पारा, काढताना उडणारा पारा आणि काढल्यानंतर विकली जाणारी विषमुक्ती या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि प्रत्येकीचा निवाडा स्वतंत्रपणेच करावा लागतो.

अमाल्गमविषयीचा वाद भराव जितका जुना तितकाच जुना आहे. १८३३ साली क्रॉकूर बंधूंनी हे मिश्रण युरोपातून अमेरिकेत नेले आणि सोन्याच्या भरावाची कला जाणणारे तेथील दंतवैद्य खवळून उठले. अमाल्गम वापरणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांच्या संघटनेने सभासदांकडून लिहून घेतली. त्या रोषात आरोग्याची काळजी किती आणि स्वस्त भरावामुळे बुडणाऱ्या धंद्याची किती, हे सांगणे आज कठीण आहे. १८९५ च्या सुमारास जी. व्ही. ब्लॅक यांनी मिश्रणाचे प्रमाण शास्त्रशुद्ध केले आणि वाद मावळला. तो पुन्हा पेटविला १९२६ साली आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पाऱ्याच्या वाफेत काम करून श्टॉक स्वतःच विषबाधेने खंगला होता. त्याचा इशारा अनुभवातून आलेला होता. फक्त त्याचा अनुभव प्रयोगशाळेतील वाफेचा होता, दाढेतील भरावाचा नव्हे.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. धातुरूप पारा गिळला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही. भरावाचा तुकडा चुकून पोटात गेला तर तो शौचावाटे निघून जातो. श्वासावाटे फुप्फुसात गेलेल्या वाफेचा मात्र सुमारे ऐंशी टक्के भाग शरीरात मुरतो. रक्तातून तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मूत्रपिंडात साठतो. घट्ट झालेल्या भरावातून चावताना, दात घासताना, गरम चहा पिताना थोडी वाफ सुटतच असते. हे प्रमाण साधारणपणे दिवसाला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजावे लागते. भरावांची संख्या जास्त असेल किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ते वाढते.

एवढ्या पाऱ्याने माणूस आजारी पडतो काय? २००६ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एकाच वेळी दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लिस्बन येथे ५०७ आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात ५३४ मुलांच्या दातांत काहींना अमाल्गम, तर काहींना पाराविरहित भराव घालून अनेक वर्षे त्यांची स्मरणशक्ती, एकाग्रता, बुद्ध्यंक आणि मूत्रपिंडांचे कार्य तपासले गेले. अमाल्गमच्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला. बुद्धी आणि मज्जासंस्थेच्या कसोट्यांत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही.

तरीही सावधगिरीचा भाग उरतोच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये गर्भवती व स्तनदा माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे अथवा मज्जासंस्थेचे विकार असलेले रुग्ण आणि पाऱ्याची अॅलर्जी असणारे यांच्यासाठी नवा अमाल्गम भराव शक्यतो टाळावा असे सांगितले. त्याच निवेदनात दुसरेही एक वाक्य होते. सुस्थितीत असलेला जुना भराव वैद्यकीय कारणाखेरीज काढू नये; काढताना तात्पुरता पाऱ्याचा संपर्क वाढतो आणि दाताचा निरोगी भागही गमावला जातो, असा त्याचा आशय. विषमुक्तीचे प्रचारक पहिला भाग मोठ्या अक्षरांत छापतात, दुसरा छापीत नाहीत.

वस्तुतः भराव काढण्याची घटका हीच रुग्णासाठी पाऱ्याच्या सर्वाधिक संपर्काची घटका असते. वेगाने फिरणाऱ्या यंत्राच्या टोकाखाली भराव तापतो, त्याची भुकटी होते आणि वाफ नाकातोंडाशीच सुटते. म्हणून भराव खरोखरच काढावयाचा असेल, म्हणजे तो फुटला आहे, कडेने कीड शिरली आहे किंवा दाढेला तडा गेला आहे, तर काढण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवावा, पाण्याचा फवारा सतत चालू असावा, जोरदार शोषणनळी भरावाच्या अगदी जवळ धरावी, भराव दळून न काढता चिरे पाडून तुकड्यांनी उचकटावा आणि खोलीत वारा खेळता असावा. यांतील बहुतेक गोष्टी तालुक्याच्या ठिकाणच्या नीटनेटक्या दवाखान्यात अशक्य नाहीत. रुग्णाने खुर्चीवर बसण्यापूर्वी ‘रबराचा पडदा लावणार ना?’ एवढे विचारले तर त्यात उद्धटपणा नाही. एकाच बैठकीत सहा-सात भराव उखडून देण्याची तयारी दाखविणाऱ्या ठिकाणाहून मात्र उठून आलेले बरे. गर्भारपणात तर निव्वळ भीतीपोटी सुस्थितीतील भरावाला हात लावणे उलट्या न्यायाचे होईल.

<b>धुऊन काढावयाचे ते काय?</b>

भराव काढल्यावर काही दिवस रक्तातील व लघवीतील पारा किंचित वाढतो आणि मग उतरू लागतो. हे उतरणे शरीर आपले आपणच करते. मूत्रपिंडे पारा लघवीवाटे आणि आतडी शौचावाटे बाहेर टाकतात. असेंद्रिय पाऱ्याचा शरीरातील अर्धायुकाल ढोबळमानाने साठ दिवसांचा आहे. म्हणजे दोन महिन्यांत निम्मा, चार महिन्यांत पाव, आणि वर्षअखेर चौसष्टावा हिस्सा. मेंदूत मुरलेला अल्पसा अंश अधिक चिवट असतो हे खरे. पण त्याला बाहेर खेचणारे औषध अद्याप तरी कोणाजवळ नाही, विकणाऱ्याजवळही नाही.

या नैसर्गिक उतारावरच डिटॉक्सचा बाजार उभा आहे. सहा महिन्यांत पारा असाही उतरणारच असतो. मधल्या काळात ज्याने चूर्णाच्या पुड्या विकल्या, श्रेय त्याच्या पदरात पडते.

या बाजारातील काही प्रकार केवळ हास्यास्पद आहेत. आरोग्यमेळाव्यांत आणि प्रदर्शनांत पाय बुडविण्याचे एक यंत्र मांडलेले असते. मिठाच्या कोमट पाण्यात पाय ठेवले, वीज चालू केली, की अर्ध्या तासात पाणी तांबूस तपकिरी होते आणि ‘पाहा, किती विष निघाले’ म्हणून दाखविले जाते. तो रंग यंत्रातील लोखंडी कांड्यांच्या गंजाचा असतो. पाय न बुडविता यंत्र चालविले तरी पाणी तितकेच तांबडे होते. शाळेत विद्युत्-अपघटनाचा प्रयोग केलेल्या आठवीच्या मुलाला हे कळावे. पण शंभर-दोनशे रुपये मोजून बसलेला बाप मुलाला विचारीत नाही. कोथिंबिरीचा रस, शेवाळाच्या गोळ्या, चिकणमातीचे लेप हीही अशीच मालिका. कोथिंबीर आमटीत उत्तमच. तिने दाढेतील पारा मेंदूतून ओढून निघतो याला विश्वासार्ह पुरावा नाही.

काही प्रकार मात्र जिवावर बेतणारे आहेत. पारा, शिसे अशा धातूंना जखडून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आधुनिक वैद्यकात आहेत, आणि खऱ्याखुऱ्या तीव्र विषबाधेत ती प्राण वाचवितात. दाढेतील भरावाच्या भीतीसाठी ती नव्हेत. ती शरीराला हवे असलेले जस्त, तांबे यांसारखे धातूही सोबत ओढून नेतात. २००५ साली अमेरिकेतील पेन्सिल्वेनियात पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला अशा ‘धातुमुक्ती’साठी शिरेतून इडीटीए हे औषध देण्यात आले. वापरलेला प्रकार रक्तातील कॅल्शियम खाली आणणारा होता. मुलाचे हृदय थांबले. तेथील रोगनियंत्रण केंद्राने पुढे २००३ ते २००५ या काळातील अशा तीन मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली.

या उपचारापूर्वी केली जाणारी चाचणी हा तर फसवणुकीचा सुबक नमुना आहे. आधी धातू खेचणारे औषध द्यायचे, मग लघवी तपासायची आणि आलेला आकडा औषध न घेतलेल्या माणसांच्या सामान्य आकड्यांशी ताडून पाहायचा. औषध घेतल्यावर कोणाच्याही लघवीत धातूंचे प्रमाण वाढते. साहजिकच प्रत्येक जण ‘विषग्रस्त’ ठरतो. अमेरिकेच्या वैद्यकीय विषशास्त्र महाविद्यालयाने २००९ सालीच या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे.

मग भराव काढल्यावर ज्यांना खरोखर बरे वाटते, ते काय खोटे बोलतात? तसे समजणे अन्यायाचे होईल. जर्मनीतील म्युनिक येथे झालेल्या एका प्रयोगाची माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली. आपल्या तक्रारी अमाल्गममुळेच आहेत असे मानणाऱ्या नव्वद रुग्णांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटाचे भराव काढले. दुसऱ्याचे भराव काढून वर जीवनसत्त्वे व क्षार यांची ‘विषमुक्ती’ही दिली. तिसऱ्या गटाचा एकही भराव काढला नाही. त्यांना फक्त आहार, व्यायाम, विश्रांती यांचा शिस्तशीर कार्यक्रम दिला. भराव काढलेल्यांच्या शरीरातील पारा अपेक्षेप्रमाणे घटला. बरे मात्र तिन्ही गटांना वाटले, आणि जवळपास सारखेच! नॉर्वेतील अभ्यासांत भराव काढल्यानंतर रुग्णांच्या तक्रारी कमी झाल्याचेही आढळले आहे. ती सुधारणा पारा गेल्याची की काळजी गेल्याची, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पण विषमुक्तीच्या पुड्यांनी अधिक काही साधले नाही, एवढे म्युनिकने दाखविले.

यातील खरा धोका पैशाचा नाहीच. थकवा, मुंग्या, विस्मरण ही लक्षणे ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाची असतात, मधुमेहाची असतात, थायरॉइडची असतात, रक्तक्षयाची असतात. शाकाहारी घरांत ब-१२ चा अभाव किती सर्रास आढळतो, हे कोणताही डॉक्टर सांगेल. जो माणूस वर्षभर दाढेतील पाऱ्यामागे धावतो, त्याची साधी रक्ततपासणी वर्षभर राहून जाते. आणखी एक विसंगती ग्रामीण भागात नेहमी दृष्टीस पडते. दाढेतील पाऱ्याच्या वार्तेने धास्तावलेल्या घरातच सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री केली जाते आणि त्याच दाढांवर ती बोटाने घासली जाते. तिच्यापासून मुखाचा कर्करोग होतो यात मात्र कोणालाही शंका नाही.

<b>स्वदेशी लेबलाची जबाबदारी</b>

विषमुक्तीचा बाजार आता आयुर्वेदाचे नाव घेऊन येतो. येथे आयुर्वेदाविषयी आस्था असणाऱ्यांनीच अधिक कठोर व्हावयास हवे. पाऱ्याचे सर्वांत सखोल ज्ञान ज्या परंपरेत साठले, ती आपली रसशास्त्राची परंपरा आहे. ‘रसरत्नसमुच्चया’सारख्या ग्रंथांत पाऱ्याचे अठरा संस्कार वर्णिलेले आहेत. अशुद्ध पारा देहाचा नाश करतो, ही त्या शास्त्राची पहिली शिकवण आहे. पाऱ्याला गंधकाने बांधावे, हे या रसवैद्यांना युरोपीय रसायनशास्त्राच्या किती तरी आधी ठाऊक होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ लिहून हा वारसा जगापुढे मांडला. त्यापूर्वी काही वर्षे त्यांनी स्वतः प्रयोगशाळेत पाऱ्याचे एक नवे संयुग सिद्ध केले होते. परंपरेचा अभिमान बाळगणारा हा संशोधक तिला तराजूत घालून पाहण्यास कचरला नाही.

त्या परंपरेचे नाव घेऊन आज काय विकले जाते? पारा काढण्याच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या एखाद्या रसौषधीत पाराच असावा, यापरते दैवदुर्विलसित कोणते! २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. त्यावर येथे संतापाची लाट उसळली. त्यात कारस्थानाचा वास घेणारेही होते. परंतु आपल्या शासनाने योग्य तो बोध घेतला आणि वनौषधींच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी बंधनकारक केली. परदेशी ग्राहकासाठी जी दक्षता घ्यायची, ती शिरूरच्या आठवडे बाजारात चूर्ण विकत घेणाऱ्या ग्राहकाला का नसावी? औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात पारद, हिंगुळ, रसकापूर ही द्रव्ये विषारी म्हणून नोंदलेली आहेत आणि अशी द्रव्ये असलेले औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना वेष्टनावर छापणे सक्तीचे आहे. ज्या पुडीवर घटकांची यादीच नाही, ती आयुर्वेदाची नव्हे. जाणत्या वैद्याचे पंचकर्म ही एक गोष्ट. ‘सात दिवसांत पारा बाहेर’ असा फलक ही दुसरी. दिनचर्येत सांगितलेला तेलाचा गंडूष तोंड स्वच्छ ठेवण्यासाठी आहे, भरावातील धातू ओढण्यासाठी तो कोणत्याही आचार्याने सांगितलेला नाही.

रुग्णाच्या भीतीभोवती एवढा गदारोळ चालू असताना ज्याच्या अंगी पारा सर्वाधिक लागला, त्याची आठवण कोणी काढीत नाही. तो म्हणजे दवाखान्यातील मदतनीस. पूर्वी छोट्या दवाखान्यांत अमाल्गम खलबत्त्यात घोटले जाई. चांदीची भुकटी आणि पारा एकत्र खलून तो गोळा उघड्या तळहातावर मळायचा, फडक्यात पिळून जादा पारा काढायचा, आणि तो टेबलावर घरंगळला तर कागदाने गोळा करायचा. हे काम करणाऱ्या पोराला हातमोजा नव्हता, पंख्याखालची खोली बंद होती आणि हे सारे दिवसातून कित्येकदा, वर्षानुवर्षे चाले. कोडाईकनालच्या तापमापीच्या कारखान्यात याहून मोठ्या प्रमाणावर हेच घडले. न्यूयॉर्क राज्यातून उचलून आणलेला तो जुना कारखाना २००१ साली बंद पडला, आणि ५९१ माजी कामगारांशी कंपनीचा समझोता व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. दंतवैद्याच्या मदतनिसांना तर संघटनाही नव्हती.

आणि उखडलेला भराव जातो कोठे? चूळ भरलेल्या पाण्याबरोबर बेसिनमधून गटारात. अमाल्गमचे कण अडवून धरणारे विभाजक यंत्र युरोपात आणि अमेरिकेत सक्तीचे झाले आहे. आपल्याकडील लहान दवाखान्यात ते विरळाच. गटार ओढ्याला मिळते. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते, भीमा दौंडजवळून उजनीच्या जलाशयात उतरते. पाण्याच्या तळच्या गाळातील जिवाणू पाऱ्याचे मिथिलपाऱ्यात रूपांतर करतात, तो माशांत साठत जातो, आणि मिथिलपारा हाच पाऱ्याचा आतड्यातून सहज शोषला जाणारा, सर्वांत घातक अवतार आहे. जपानमधील मिनामाता येथे माशांत साठलेल्या मिथिलपाऱ्यानेच विषबाधा झाली होती. दाढेत निरुपद्रवी बसलेला पारा भीतीपोटी उखडून गटारात सोडणे, म्हणजे स्वतःची नसलेली विषबाधा खालच्या गावाच्या ताटात वाढणे होय. भरावासह उपटलेला दात पिवळ्या पिशवीत टाकला आणि ती भट्टीत जाळली, तरी पारा धुरावाटे निघतोच. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीचा प्रकल्प आहे. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यावर बोलणारे दौंडकर कमी नाहीत. त्या यादीत दवाखान्याच्या बेसिनची भर कोणी घातलेली मात्र दिसत नाही. भरावाचे तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत जमा करून अधिकृत यंत्रणेकडे सोपविणे एवढीच ती सुरुवात असू शकते, आणि तालुक्यातील दंतवैद्यांनी एकत्र येऊन ठरविले तर तिला फारसा खर्चही नाही.

अमाल्गमचे युग तसेही अस्तास चालले आहे. मिनामाता करार २०१७ साली अमलात आला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. पंधरा वर्षांखालील मुले आणि गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी अमाल्गम न वापरण्याचे कलम त्यात २०२२ साली आले, युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून त्यावर बंदी घातली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथे २०३४ पर्यंत जगभर त्याचा वापर थांबविण्याचे ठरले. आजच्या तरुण दंतवैद्याच्या हाती दातांच्या रंगाचे भराव आहेत. ते महाग पडतात आणि मागच्या दाढेत चांदीइतके टिकतीलच असे नाही; त्यामुळे ऊसतोडणीच्या तळावरील मजुराच्या मुलाची दाढ कशाने भरायची, हा प्रश्न २०३४ पूर्वी सोडवावा लागेल. हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून, विजेशिवाय भरता येणारे ग्लास आयोनोमर सिमेंट त्यावर तूर्त बरा उपाय आहे.

ज्यांच्या दाढेत जुनी चांदी शाबूत आहे, त्यांनी वर्षातून एकदा ती दंतवैद्याला दाखवावी. भराव उचकटला असेल तर रबराचा पडदा लावून काढून घ्यावा, त्यानंतर काही महिने मूत्रपिंडांना त्यांचे काम करू द्यावे. थकवा राहिलाच, तर तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासून घ्यावे.